आयर्लंडच्या शेतावरून परदेशी पोराला गेलेलं जुनं पत्र कसं वाचायचं

गॉलवे युनिव्हर्सिटीने २०२४ मधे 'इमिर्के' नावाने स्थलांतरित आयरिश लोकांची हजारो पत्रं ऑनलाइन टाकली, कर्बी मिलर या इतिहासकाराने कित्येक वर्षं खपून जमवलेली, आणि फुकटात वाचता येतात म्हणून हौसेने उघडणारे बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या पत्रालाच कंटाळून बंद करतात. आणि खरंच, घरून तिकडे गेलेल्या पत्रात असतं काय तर आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत तूही बरा असशील, लाल गाय विकली, बटाटे ठीक आलेत, शेजारचा म्हातारा गेला, तमकीचं लग्न ठरलं, सगळ्यांचा नमस्कार, संपलं. आईने पोराला दहा वर्षं बघितलेलं नाही आणि लिहिते काय तर डुकराचा भाव!

माझं म्हणणं असं की ही पत्रं वाचताना गाय आधी वाचायची आणि माया नंतर शोधायची. शेतीची बातमी म्हंजे भरताड वाटते पण तो त्या घराचा चालू हिशोब असतो, पोरगं घर सोडून का गेलं, त्याने पैसे किती पाठवायचे आणि पुढचं कोण जाणार हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. फक्त वाचायची किल्ली लागते, ती खाली देतोय. घरून तिकडे गेलेली पत्रं मुळात कमी टिकलीत, कारण पोरगं आज बॉस्टनला उद्या खाणीवर परवा रेल्वेच्या कामावर, ट्रंकेत किती जपणार, आणि तिकडून घरी आलेली मात्र कपाटात सुखरूप राहिली. त्यामुळे गावाकडून निघालेलं पत्र हाताला लागलं तर सोडू नका.

पहिलं काम तारीख. तारीख बघितल्याशिवाय एक ओळ वाचायची नाही. १८४५ ते १८५२ मधलं असेल तर बटाट्यावरच्या करप्याचा आणि उपासमारीचा काळ, साधारण दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ ला साडेपासष्ट लाखांवर आली. १८७९ च्या आसपासचं असेल तर सलग खराब हवामान, पडलेले भाव आणि जमीनदारांविरुद्ध कुळांची जमिनीची चळवळ. १९०३ नंतरचं असेल तर कुळं स्वतःच्या जमिनीची मालक व्हायला लागलेली. १९३२ ते ३८ मधलं असेल तर गुरांना भावच नाही. म्हणजे 'यंदा जरा अवघड आहे' हेच वाक्य चार काळात चार वेगळ्या गोष्टी सांगतं.

तारखेबरोबर टपालाचा खर्चही डोक्यात ठेवा. १८४० पासून पुढे पाव शतकाहून जास्त काळ अमेरिकेला अर्ध्या औंसाचं पत्र पाठवायला एक शिलिंग लागायचा, आणि १८४० च्या दशकात आयर्लंडमधल्या शेतमजुराला दिवसभर राबून एक शिलिंगही सुटत नव्हता. १८७० ला तेच तीन पेन्सवर आलं, १८७५ ला अडीचवर आणि १९०८ मधे अमेरिकेसाठी एका पेनीवर. म्हणून जुन्या पत्रात कागद वाचवायला आडवं लिहून झालं की कागद फिरवून त्याच ओळींवरून उभं लिहिलेलं सापडतं, स्क्रीनवर बघितलं की डोळे गरगरतात. असं पान आलं तर इमेज डाउनलोड करा, नव्वद अंशात फिरवून दुसरी कॉपी ठेवा आणि दोन्ही शेजारी उघडून एका वेळी एकाच दिशेच्या ओळी वाचा, सवयीने जमतं.

दुसरं, हस्ताक्षर कोणाचं. १८४१ मधे आयर्लंडमधे पाच वर्षांवरच्या ५३ टक्के लोकांना लिहिता वाचता येत नव्हतं, सरकारी नॅशनल स्कूल १८३१ ला सुरू झालेल्या पण म्हाताऱ्या पिढीला त्याचा काय उपयोग, शिवाय पश्चिमेकडे घरात आयरिश भाषा आणि पत्र मात्र इंग्लिशमधे. मग आई-बाप सांगायचे आणि मास्तर, पाद्री, नाहीतर शाळेत जाणारं शेंडेफळ लिहायचं. तिकडेही पत्र पोचलं की एकटा पोरगा नाही वाचायचा, गावचे चार जण जमून मोठ्याने वाचायचे. आता सांगा, मास्तर लिहितोय आणि गावातलीच माणसं ऐकणारेत, तर आई मनातलं काय सांगणार? पत्र कोरडं असण्याचं निम्मं कारण हे. सुरुवातीचं 'ही चार ओळी लिहायची संधी घेतो' छापाचं वाक्य सगळ्यांचं सारखंच असतं, तिथे अर्थ शोधत बसू नका, मास्तरची ती ठरलेली सुरुवात. पण मधेच अक्षर बदललं, स्पेलिंग बिघडलं, वाक्य तुटकं झालं की सावध व्हा, तिथे घरचंच कोणीतरी पेन हातात घेतलंय.

आता मुख्य भाग, शेत. समजा नोव्हेंबर १८७९, मेयो परगण्यातलं पत्र. हा नमुना मी बनवलाय, पण अशा पत्रांचा साचा हाच:

'तुझं सप्टेंबरचं पत्र आणि आतले तीन पौंड पोचले. हप्ता भरला, उरलं ते दुकानाला दिलं. लाल गाय बाजारात दिली, भाव नव्हता. डुक्कर अजून ठेवलंय. खालच्या शेतातले बटाटे काळे पडले, वरचे बरे आहेत. टर्फ ओलाच आहे. बाबा ठणठणीत आहेत. धाकटी मोठी झाली, तिकडे यायचं म्हणते.'

सात-आठ वाक्यं, एकेक धरून बघू.

'तीन पौंड पोचले' ही पावती आहे. पाकिटं हरवायची, चोरीला जायची, त्यामुळे आकडा लिहून कळवणं भागच होतं. अशा पावत्या एका कुटुंबाच्या सगळ्या पत्रांतून काढून तारखेसकट एका कागदावर मांडा, पोरगं कधी कामावर होतं, कधी बेकार झालं आणि कधी लग्न केलं (पैसे कमी होतात!) हे त्याने न सांगताच दिसतं. पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स, हे १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत असंच चाललं, तेव्हा बेरीज करताना दशांश लावू नका.

'हप्ता भरला'. जमिनीच्या खंडाच्या हप्त्याला तिकडे 'गेल' (gale) म्हणायचे, वर्षातून दोनदा, बऱ्याच ठिकाणी मे आणि नोव्हेंबरमधे. स्कॅनमधे हा शब्द दिसला की वादळ समजून पुढे जाऊ नका, स्पेलिंग तेच आहे. बऱ्याच जमीनदारांकडे सहा महिन्यांचा एक हप्ता कायम मागे ठेवायची पद्धत होती, म्हंजे कूळ नेहमीच थकबाकीत, आणि थकबाकी असलेल्या कुळाला काढायला मालकाला निमित्त लागत नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मेच्या पत्रात आवाज जरा घाबरा असतो. ज्या वर्षी आई हप्त्याचं नावच काढत नाही ते वर्ष एकतर फार चांगलं किंवा फार वाईट, पुढचं पत्र बघून ठरवा.

'दुकानाला दिलं' म्हणजे उधारी. पीठ, चहा, तंबाखू, बियाणं सगळं वहीवर, आणि दुकानदार वर्षभर थांबतो कारण त्यालाही माहितीय की या घरातलं कोणीतरी अमेरिकेत आहे. परदेशातला पोरगा हेच त्या घराचं तारण.

'लाल गाय बाजारात दिली, भाव नव्हता'. इथे थांबा. कोणती गाय ते बघा, कारण कालवड विकणं, गोऱ्हा विकणं आणि दुभती गाय विकणं यात फार फरक आहे. गोऱ्हे विकायलाच वाढवतात, ते नेहमीचं उत्पन्न. दुभती गेली म्हणजे लोणी गेलं, आणि लोणी म्हणजे वर्षभर थोडे थोडे येणारे रोख पैसे, दक्षिणेतल्या मुन्स्टर प्रांतातली लोण्याची पिंपं कॉर्कच्या लोणी बाजारातून जगभर जायची. गाभण गाय विकली असेल तर घर अगदीच टेकीला आलंय समजा, येणारं वासरू आणि दूध दोन्ही आधीच विकलं. आणि कधी विकली तेही बघा, हप्त्याच्या आदल्या महिन्यात सगळेच विकायला काढतात, दलालांना ते पक्कं ठाऊक, मग भाव पडणारच. किमतीत अजून एक गंमत, सौदा झाला की विकणारा घेणाऱ्याला शकुनाचे म्हणून थोडे पैसे परत द्यायचा, तेव्हा पत्रातला आकडा कधी त्याआधीचा असतो कधी नंतरचा, दोन पत्रांत एकाच गायीची किंमत जराशी वेगळी दिसली तर कोणी खोटं बोलतंय असं नाही.

'डुक्कर अजून ठेवलंय' ही पत्रातली सगळ्यात आशेची ओळ. आयर्लंडमधे डुकराला 'खंड भरणारा सद्गृहस्थ' म्हणायचे. उरलेले बटाटे आणि साली खाऊन ते वाढतं आणि ऐन हप्त्याला विकलं जातं. पण बटाटेच काळे पडले तर माणसाला नाही तिथे डुकराला काय घालणार, म्हणून करप्याच्या वर्षी आधी डुकरं नाहीशी होतात, मग कोंबड्या, मग गाय. पत्रांत हा क्रम उलटा व्हायला लागला, म्हणजे कोंबड्या आल्या, डुकराची पिलं आणली, कालवड घेतली, की समजा घर सावरतंय, बहुतेक परदेशातल्या पोराच्याच पैशांवर.

'खालच्या शेतातले काळे पडले'. करपा ओल्या हवेत भराभर पसरतो, आणि सखल ओलसर जमिनीत बटाट्याचे हाल जास्त, म्हणून खालचे-वरचे असा फरक लिहितात. ही माहिती त्याला दिलीय कारण त्याला ती दोन्ही शेतं पाठ आहेत, त्याने तिथे उंच वरंबे ओढलेत. किती बटाटे उरले आणि ते कधीपर्यंत पुरतील याचा हिशोब तो तिकडे बसून करू शकतो. जुनं पीक संपून नवीन यायच्या मधले उन्हाळ्याचे आठवडे, विशेषतः जुलै, हा उपाशी महिना म्हणूनच ओळखला जायचा. तेव्हा नोव्हेंबरमधे बटाट्याची रड असेल तर मे-जूनमधे पैशाची मागणी येणार, पुढचं पत्र उघडण्याआधीच सांगता येतं.

'टर्फ ओलाच आहे'. दलदलीतून विटांसारखा कापून वाळवलेला पीट, तेच जळण, त्यावरच स्वयंपाक आणि त्यावरच ऊब. वसंतात कापायचा, रचून वाळवायचा आणि पावसाळी थंडी यायच्या आत घरी आणून गंज घालायची. १८७९ चा उन्हाळा इतका ओला गेला की कितीतरी ठिकाणी तो वाळलाच नाही. या तीन शब्दांचा अर्थ हिवाळाभर घर गार.

वाळलेल्या गवताचंही तसंच, 'गवत अजून कापलं नाही' असं ऑगस्ट संपताना लिहिलं असेल तर ती तक्रार आहे. आणि शेजारी सावडीला आले होते, गवत एका दिवसात आत आलं असं लिहिलं असेल तर घराचं गावात बरं चाललंय, त्यांचं कोणाशी वाकडं नाही. जमिनीच्या चळवळीच्या काळात हे मुद्दाम बघा. १८८० मधे मेयोमधल्या कॅप्टन बॉयकॉटच्या पिकाला कापायला गावातलं कोणी गेलं नाही आणि त्याचं नाव जगभर क्रियापद होऊन बसलं, पण तसला बहिष्कार छोट्या माणसांवरही पडायचा, ज्याने काढून टाकलेल्या कुळाची जमीन घेतली त्याच्यावर तर नक्कीच. पत्रात नाव घेऊन लिहिणार नाहीत. 'त्याला यंदा मजूर मिळाले नाहीत' एवढंच.

क्षेत्राचा आकडा आला तर घाईने हेक्टरमधे बदलू नका. आयरिश एकर हा नेहमीच्या एकराच्या १.६२ पट, आणि लोक बोलताना जुनाच वापरायचे. दहा एकरवाला घरच्या हिशोबात दहा आणि सरकारी कागदावर सोळा. बापलेकांत चढवून सांगण्याचा प्रश्नच नाही, दोन्ही बरोबर.

'बाबा ठणठणीत आहेत'. वाचून बरं वाटतं ना? घरातल्या थोरल्या भावाला विचारा. उपासमारीनंतर जमिनीचे तुकडे करणं बहुतेक थांबलं, शेत एकाच पोराला, आणि तेही बाप सोडेल तेव्हा. बाप सोडत नाही तोवर भाऊ लग्न करू शकत नाही, चाळिशीला टेकला तरी गावात त्याला 'पोरगा'च म्हणतात. त्याचं लग्न ठरलं तर ती शेताची बातमी आहे, बायको हुंडा आणणार, त्या हुंड्यातून एका बहिणीचं लग्न उरकणार नाहीतर बाकीच्यांची बोटीची तिकिटं निघणार. लग्नं लेंटच्या उपासाआधी उरकायची असायची, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांत लग्नांची रांग लागते. एखाद्या वर्षी त्या महिन्यांत गावातली लग्नंच लिहिलेली नसतील तर गावात पैसा नाही.

मग 'धाकटी मोठी झाली, तिकडे यायचं म्हणते' याचं मराठी भाषांतर करायचीही गरज नाही, हे तिकीट पाठव असं सांगणं आहे. सरळ मागायचं नाही हा नियम. 'तुला जमत असेल तर', 'तुझ्यावर भार नको', 'देव करेल तसं' असली वाक्यं आली की रक्कम आसपासच असते. युरोपातल्या इतर देशांतून पुरुष जास्त गेले, आयर्लंडमधून जवळपास निम्म्या बायका, बऱ्याचशा अविवाहित, आणि त्यातल्या कितीतरी बहिणीने किंवा भावाने पाठवलेल्या तिकिटावर. ती गेली की पुढच्या पत्रात तिने पाठवलेल्या पैशांची पावती सुरू होते, आणि तिच्या पावत्या भावापेक्षा नियमित असतात, हे तुम्ही स्वतःच बघा. घरकाम करणारीला जेवण-राहणं मालकाकडे, त्यामुळे पगार हातात उरतो.

गावाचं नाव शोधायचं असेल तर परगणा आणि पॅरिश (चर्चचा विभाग) एवढ्यावर थांबू नका, टाउनलँड शोधा, वाडीपेक्षाही लहान तुकडा असतो, देशभरात साठ हजारांवर आहेत. 'लोगन्म' (logainm.ie) या सरकारी साइटवर आयरिश आणि इंग्लिश दोन्ही नावं मिळतात. टाउनलँड मिळाली की ग्रिफिथचं मूल्यांकन उघडा, १८४७ ते १८६४ मधे जमीन कोणाकडे होती, मालक कोण, किंमत किती ठरली, सगळं घरागणिक. मग १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे मूळ फॉर्म नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट. त्याआधीच्या जनगणनांची आशा फार धरू नका, बऱ्याचशा सरकारनेच नष्ट केल्या आणि उरलेल्या बहुतेक १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्सशेजारचं रेकॉर्ड ऑफिस जळालं त्यात गेल्या.

वय मात्र जपून घ्या. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झालं आणि जन्माचे दाखले तर नव्हतेच, मग १९०१ ला ५६ वर्षांची असलेली आजी १९११ ला सरळ ७२ ची होते. पुराव्यादाखल ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं महावादळ आठवतंय असं सांगायचे, गावंच्या गावं सांगायची. १९०९ नंतरच्या पत्रात 'आईचं पेन्शन झालं' ही ओळ सापडली तर तिच्यापुढे स्टार करा, कारण त्या घरात पहिल्यांदाच पोराच्या पाकिटाशिवाय दर आठवड्याला रोख रक्कम यायला लागलीय आणि इथून पुढे मागणीचा सूर बदलतो.

नंतरची पत्रं तुलनेने सोपी. १९०३ च्या कायद्याने कुळांना जमीन विकत घ्यायला ब्रिटिश सरकारचं कर्ज मिळालं, साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी, म्हणून हप्त्याची रड थांबत नाही फक्त जमीनदाराच्या जागी सरकार येतं. १९३२ ला आयर्लंडचा नवा सरकारप्रमुख डी व्हॅलेरा याने हेच पैसे ब्रिटनला द्यायचं थांबवलं, ब्रिटनने आयरिश गुरांवर जबर कर लावला, वासरं कोणी घेईना आणि आयरिश सरकार कापलेल्या वासरांच्या कातड्यावर पैसे द्यायला लागलं. 'वासरं फुकट झाली' असं त्या काळात लिहिलेलं शब्दशः घ्या. १९४६ नंतर लाइटचे खांब येतात, करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर येतो, रस्त्यावरचा गुरांचा बाजार जाऊन कुंपणातलं मार्ट येतं, पोरगा आता अमेरिकेऐवजी बर्मिंगहॅम नाहीतर लंडनला बांधकामावर, आणि पत्राबरोबर गावचं साप्ताहिक गुंडाळी करून पाठवतात, त्यात हर्लिंग या तिकडच्या खेळाचे निकाल आणि मृत्यूच्या बातम्या, त्यामुळे पत्र आखडतं. मार्चमधलं पाकीट असेल तर आत सेंट पॅट्रिक डेसाठी शॅमरॉक या तिपानी रोपाची सुकलेली पानं निघू शकतात, आर्काइव्हच्या स्कॅनमधे ती हिरवट-तपकिरी डागासारखी दिसतात.

आणि शेवटी, तारखेनंतर सगळ्यात आधी वाचायची जागा, कागदाची कड. मास्तरने नमस्कार लिहून पत्र संपवलं, घडी घालायच्या आधी कोणीतरी ते परत घेतलं आणि कडेला उभ्या दोन ओळी खरडल्या. मोठ्याने वाचून दाखवताना ज्या गाळायच्या असतात त्या तिथे सापडतात, भावाने जास्त प्यायला सुरुवात केलीय, पाठवलेले पैसे बाबांच्या नावाने पाठवू नकोस माझ्या नावाने पाठव, वगैरे. झूम करून तीच आधी वाचा आणि मग वरून सुरुवात करा.